पहिल्या महायुद्धातला खंदकावरचा पहारा: रात्रभर नेमकं काय चालायचं?

(चर्चेतल्या प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

विंगेतून

मी करत असलेल्या एका दीर्घांकाचा पहिला प्रवेश जानेवारी १९१५ मध्ये, उत्तर फ्रान्समधल्या हिंदी पलटणीच्या पुढच्या खंदकात घडतो. रंगमंचावर दोन पहारेकरी, मधूनच फेरीवर येणारा नाईक, बाकी काळोख. युद्धावरची जाडजूड पुस्तकं सेनापतींचे बेत सांगतात. पहाऱ्यावरचा शिपाई डोकं कुठे ठेवतो, हात कुठे ठेवतो, हे त्यांत सापडत नाही. नटाला मात्र तेवढंच हवं असतं.

अडलंय ते असं. पहारा किती वेळाचा असे आणि माणसं दोनच का? रात्री तो भिंतीआडून पाहायचा की वरून? कुणी येताना दिसलं तर सिनेमातल्यासारखं ओरडून दरडावायचं का? झोप लागली तर थेट गोळी, हे खरं का? आणि दोघांपैकी एक साताऱ्याकडचा मराठा शिपाई दाखवला तर चालेल का?

शौर्याचे प्रसंग नकोत. रोजचं काम आणि त्यात कुठे काय बिघडायचं, ते हवंय.

बुरूज

आधी तारीख बदला. डिसेंबर १९१४ मधल्या जिवांशी-फेस्तुबेरच्या मारामारीनंतर हिंदी कोअर (फ्रान्समधली हिंदी फौज) विश्रांतीला मागे घेतली होती आणि जानेवारीचा बराचसा काळ ती पुढच्या रांगेत नव्हती. नोव्हेंबर १९१४ किंवा फेब्रुवारी १९१५ धरलंत तर काही अडत नाही. फेब्रुवारी बरा; १० मार्चला नव्ह शापेलची लढाई आहे, त्यामुळे तयारीची लगबग आपोआप मिळते.

खंदकही डोळ्यांपुढे येतो तसा माणूसभर खोल चर नव्हता. त्या भागात जमीन सपाट आणि पाणी वर. दोन-अडीच फूट खणलं की तळ पाझरायला लागतो. म्हणून खाली अर्धा चर आणि वर माती नि वाळूच्या पोत्यांची भिंत. पुढच्या भिंतीला लागून आतल्या बाजूला एक लांबट पायरी असते. पहारेकरी त्या पायरीवर उभा राहतो. येणंजाणं खाली, चिखलातल्या फळ्यांवरून. एका पलटणीने आपल्या उंचीला बेतून केलेली पायरी दुसरीला उपयोगी पडेलच असं नाही. गोऱ्या पलटणींच्या जागा घेतलेल्या गुरख्यांना पायरीवरूनही पलीकडचं दिसत नसे, मग पायाखाली काहीबाही रचून उंची वाढवायची.

खंदक सरळ नसतो. काही पावलांवर आडवा बांध, त्याला वळसा, पुन्हा सरळ तुकडा, पुन्हा बांध. एक तोफगोळा आत पडला तर त्याचे तुकडे एकाच कप्प्यात अडावेत, हा हेतू. पण त्यामुळे पहारेकऱ्याला दहा पावलांवरचा शेजारी दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तुमचा अख्खा रंगमंच म्हणजे असा एक कप्पा समजा.

रात्री पहारा जोडीचा. एक उभा राहून पाहणार, दुसरा त्याच पायरीवर, पहिल्याचा बूट लागेल इतक्या जवळ बसणार. याची कारणं व्यवहाराची आहेत. निरोप द्यायचा झाला तर जागा न सोडता दुसऱ्याला पाठवता येतं. एकाला गोळी लागली तर जागा उघडी पडत नाही. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: एकटा माणूस अंधारात तासभर पाहत राहिला की समोरच्या काटेरी तारेचे खुंट चालायला लागतात. फेब्रुवारीतल्या धुक्यात तर नक्कीच. तेव्हा बसलेल्याला पायाने ढोसायचं, तो ताज्या डोळ्यांनी पाहतो, आणि मगच काय ते ठरतं.

पाळी बहुधा दोन तासांची, फार गारठा असेल तर एका तासाची. एका चौकीला सहा माणसं म्हणजे तीन जोड्या धरा; दोन तास पहारा, चार तास सुटी. फेब्रुवारीत तिथे अंधार सुमारे तेरा तास. म्हणजे दर माणशी चार-पाच तास पहाऱ्यावर, जोडीत आलटूनपालटून उभं राहत. त्यात पहाटे उजाडण्याच्या आधी तासभर आणि संध्याकाळी तासभर सगळ्यांनीच हत्यार घेऊन पायरीवर उभं राहायचं, कारण हल्ला याच वेळी यायची शक्यता जास्त. उरलेले आठ तास झोपेचे, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात त्यातच पोती भरणं, तार दुरुस्त करणं, मागून शिधा, पाणी आणि काडतुसं वाहून आणणं. सलग तीन तास पाठ टेकली तर नशीब, आणि तीही बूट-पट्टे अंगावर ठेवूनच.

पहारा बदलताना नवा माणूस आला की जुना निघाला, असं नाही. उजेडाच्या कोनाड्यातून आलेल्याला पहिली काही मिनिटं काहीच दिसत नसतं. जुन्याने थांबायचं आणि हलक्या आवाजात सांगायचं: आपली टेहळणीची टोळी बाहेर आहे का, कुठून गेली, कधी परतणार, तारेत वाट कुठे आहे, समोर काय हललं, कुठून आवाज आला, शेजारच्या चौकीत कोण आहे. नाईक हे ऐकत उभा असतो आणि नव्याकडून परत वदवून घेतो. तुमच्या नाईकाला रंगमंचावर हे एक काम द्या, दुसरं काही लागणार नाही.

डोक्याचं म्हणाल तर भिंतीच्या कडेखाली राहून अधूनमधून डोकवायचं.

चकमक

बुरूज, शेवटचं वाक्य दिवसासाठी ठीक. रात्रीचं उलटं आहे.

रात्री पहारेकरी डोकं आणि खांदे कडेच्या वर ठेवून स्थिर उभा राहायचा. नव्या माणसाला हे पटायला फार जड जाई. पण समोरचे लोक दिवसाउजेडी काही रायफली घट्ट बसवून, नेम बरोबर तुमच्या भिंतीच्या कडेवर धरून ठेवत आणि रात्री अंदाजाने घोडा ओढत. ती गोळी कड घासून जाते. नुसते डोळे वर काढणाऱ्याला ती कपाळातच लागणार. छातीपर्यंत वर असलेल्याला खांद्यावर किंवा दंडावर लागायची निदान शक्यता असते. शिवाय वरखाली होणारं डोकं अंधारातही नजरेत भरतं, स्थिर आकृती भरत नाही. खंदकाच्या मागच्या बाजूला मातीचा ओबडधोबड उंचवटा ठेवतात त्याचा एक उपयोग हाच: डोक्यामागे आभाळ न येता काळी माती येते. गुळगुळीत, सारखा उंचवटा केलात तर त्यावर डोकं खुंटीसारखं उठून दिसतं.

कानांचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. अशा रात्री डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाचे. तार कापताना होणारी टिचकी, चिखलातून बूट ओढल्याचा चुबकन आवाज, दबलेला खोकला. म्हणून कितीही थंडी असली तरी कानांवरून लोकरी टोपी ओढून घ्यायला पहाऱ्यावरच्याला मनाई असायची. नट कान उघडे ठेवून उभा राहिला, हात राहून राहून कानांकडे जातोय आणि परत येतोय, एवढ्यानेच थंडी कळेल.

प्रकाशगोळे. १९१४-१५ च्या त्या हिवाळ्यात जर्मनांकडे ते भरपूर होते, हिंदी पलटणींकडे मोजके. गोळा वर गेला की पांढरा उजेड पडतो आणि गोळा खाली येईल तशा सगळ्या सावल्या सरकतात. खुंट, तार, पडलेली प्रेतं, सगळं हलतंय असं वाटतं. त्या वेळी गोळी झाडायची नाही. पहारेकऱ्याने जागच्या जागी गोठून राहायचं आणि एक डोळा मिटून घ्यायचा. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका लख्ख उजेडात ती कमाई जाते. मिटलेला डोळा मात्र शाबूत राहतो. तसंच, अंधारात एखाद्या वस्तूवर थेट नजर रोखली की ती विरघळते. तिच्या किंचित बाजूला पाहिलं तर आकार टिकतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध पडणारी प्रतिमा टिपणाऱ्या पेशी उजेडाच्या कामाच्या असतात, अंधारातल्या पेशी कडेला. शिपायाला हे शास्त्र ठाऊक नसेल, नजर सरकती ठेवायची एवढं सांगितलेलं असायचं.

दिवसा एका कप्प्याआड एकच पहारेकरी पुरे. तो वर डोकावत नाही. लाकडी खोक्यात खाली-वर दोन आरसे बसवलेला पेरिस्कोप, तो नसेल तर संगिनीच्या टोकाला अडकवलेला आरशाचा तुकडा. आरशावर ऊन चमकलं की समोरचा नेमबाज आधी आरसा फोडतो, म्हणून खोक्याला पोत्याचं कापड गुंडाळतात. भिंतीत भोक ठेवून पोलादी पत्रा बसवला असेल तर पाठीमागे पोत्याचा पडदा हवाच. आधी पडदा पाठीवर ओढायचा, मग भोकाची झडप उघडायची. क्रम चुकला तर भोकातून मागचा उजेड आरपार दिसतो, आणि तो पुन्हा झाकला की पलीकडच्याला कळतं की आता तिथे डोळा लागलाय.

बुरूज

मान्य. दिवसाची पद्धत रात्रीला चिकटवली मी.

पलटणपुराण

मराठा शिपायाचं आधी. फ्रान्सच्या त्या रांगेत गढवाली, गुरखे, डोगरे, जाट, शीख, पंजाबी मुसलमान, पठाण अशा पलटणी होत्या. मराठा पलटणी तिथे नव्हत्या, त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. साताऱ्याचा माणूस हवाच असेल तर प्रवेश तिथल्या कुत गावी हलवा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने तिथे तुर्कांचा वेढा चालला. आत अडकलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पुणे डिव्हिजन, आणि तीत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

पहाऱ्याच्या दृष्टीने कुत फ्रान्सपेक्षा वेगळं. गाव तैग्रिस नदीच्या वळणात, तीन बाजूंना पाणी, उत्तरेला मानेसारखी जमीन आणि तिच्यावर आडवे खंदक, कोपऱ्यात मातीचा किल्ला. किल्ल्यावर २४ डिसेंबरला मोठा हल्ला झाला. पुढे जानेवारीत नदी चढली आणि पुढच्या खंदकांत पाणी शिरून ते सोडावे लागले. नदीपलीकडे एका छोट्या वस्तीतही एक तुकडी होती, मुख्य गावापासून पाण्याने तोडलेली. तिथल्या पहारेकऱ्याच्या पुढे तुर्क, पाठीला नदी. दीर्घांकासाठी मला ती जागा जास्त मोहाची वाटते.

तिथली अडचण वेगळी: उपासमार. शिधा कापत कापत नेला. घोड्याचं आणि खेचराचं मांस मिळत होतं, पण बहुतेक हिंदी शिपाई एप्रिल येईपर्यंत ते खात नव्हते. भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी पलटणींत स्कर्व्ही पसरला: हिरड्या सुजणं, सांधे दुखणं, जुनी जखम न भरणं. गोऱ्यांना पांढऱ्या पिठामुळे बेरीबेरी. असा माणूस दोन तास पायरीवर ताठ उभा राहू शकत नाही. आणि दिवसाचा ताप निराळा. तापल्या सपाट जमिनीवर मृगजळात माणूस तरंगताना दिसतो, झुडूप घोडेस्वाराएवढं होतं, खरी रांग पाण्यात विरते. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत या मृगजळाने दोन्ही बाजूंना फसवलं होतं. पहारेकऱ्याने "इतके हात अंतरावर इतके" असा निरोप दिला तर त्यावर किती भरवसा ठेवायचा, हा वरच्यांपुढचा रोजचा प्रश्न.

आता हटकण्याबद्दल. गोऱ्यांचं "हू कम्स देअर" हिंदी पलटणीत आलं आणि शिपायाच्या तोंडी "हुकुमदार" झालं. पहारेकरी म्हणायचा, "थम! हुकुमदार!" छावणीच्या फाटकावर हे खणखणीत आवाजात. पुढच्या खंदकात मात्र तसं ओरडला तर तो स्वतःची जागा समोरच्याला सांगतोय. तिथे दबक्या आवाजात, तेही माणूस जवळ आल्यावर. बाहेरचा थांबतो. एकालाच पुढे यायला सांगतात, बाकीचे जमिनीवर पडून राहतात. परवलीचा शब्द आलेल्याने द्यायचा. पहारेकऱ्याने तो आधी कधीच उच्चारायचा नाही, अर्धाही नाही. संगीन लावलेली, टोक येणाऱ्याच्या छातीकडे. ओळख पटली तरी पहारेकरी गप्पांत पडत नाही, कुणी अधिकारी असल्याचं सांगून खंदकाबद्दल विचारत असेल तर त्याला थांबवून नाईकाला बोलावतो.

सगळ्यात जास्त घात व्हायचा तो परतणाऱ्या आपल्याच टोळीचा. टोळी रात्री दहाला तारेतल्या एका वाटेने बाहेर पडते, अंधारात भरकटते आणि दोनशे पावलं डावीकडे परत येते. तिथे दुसरी कंपनी, तिला कुणी कळवलेलंच नसतं. म्हणून टोळी जाण्याआधी डावी-उजवीकडच्या सगळ्या चौक्यांना चार गोष्टी पोचल्या पाहिजेत: माणसं किती, वाट कोणती, परतण्याची वेळ, परतताना करायचा इशारा. निरोप तोंडोतोंडी जातो आणि प्रत्येक आडव्या बांधाला वळसा घालताना थोडा बदलतो. "सहा जण" चा "दहा जण" होतो. त्यात मधेच पहारा बदलला तर निरोप जुन्या माणसाबरोबर झोपायला जातो. नाईक वदवून का घेतो, ते यावरून कळेल.

विंगेतून

फार उपयोगी. कुतचा मोह होतोय, पण थंडी आणि चिखल मला हवा आहे, तेव्हा फ्रान्सच ठेवतो आणि दोघांनाही गढवाली करतो. झोपेचं आणि शिक्षेचं कुणी सांगेल का?

कलम आणि काडतूस

युद्धात पहाऱ्यावर झोपणाऱ्याला ब्रिटिश लष्करी कायद्यात देहदंडाची तरतूद होती. पण अंमल पाहा. त्या युद्धात ब्रिटिश कोर्टांनी या गुन्ह्यासाठी ४४९ जणांना देहदंड सुनावला आणि प्रत्यक्षात गोळ्या घातल्या गेल्या दोघांना. दोघे एकाच पलटणीचे, फेब्रुवारी १९१७, आणि तेही फ्रान्समध्ये नव्हे, मेसोपोटेमियात. सगळे गुन्हे मिळून ३,०८० देहदंड सुनावले गेले आणि ३४६ अमलात आले. त्यांत पळून जाणारेच बहुसंख्य. म्हणजे झोपला की भिंतीला उभा केला, हा नाटकी समज. भीती मात्र खरी होती, कारण शिक्षा सुनावली जायची आणि वरून सही येईपर्यंतचे दिवस माणूस ती डोक्यावर घेऊन जगायचा. वरचे अधिकारी शिक्षा सक्तमजुरीवर आणत. १९१५ मध्ये तर शिक्षा स्थगित ठेवण्याचा कायदाच झाला, कारण तुरुंगात पाठवणं म्हणजे खंदकातून सुटका देणं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. तो माणूस शिक्षेसकट परत त्याच पायरीवर.

हे आकडे ब्रिटिश सैन्याचे आहेत, हिंदी सैन्याचा कायदा वेगळा होता. त्यामुळे तुमच्या गढवाली शिपायाच्या तोंडी आकडे घालू नका, धाक घाला.

खटल्यात सिद्ध काय करावं लागे? तो रीतसर नेमलेला पहारेकरी होता, जागा त्याची होती, आणि तो झोपला होता. नुसतं डोकं भिंतीला टेकलेलं असणं पुरेसं नाही. म्हणून फेरीवरचा अधिकारी आधी त्याच्या हाताजवळची रायफल उचलून घ्यायचा. ती गेल्याचं ज्याला कळलं नाही, तो जागा होता असं कसं म्हणणार? बचावात विचारायचे प्रश्न ठरलेले: आधीच्या चोवीस तासांत किती तास काम, आजारी होता का, जोडीदार कुठे होता, पाळी वेळेवर बदलली का. शेवटच्या प्रश्नावर नाईकच अडकू शकतो.

आजच्या भारतीय सेना कायद्यात, १९५० च्या, हाच गुन्हा कलम ३६ मध्ये आहे: युद्धसेवेवर असताना चौदा वर्षांपर्यंत कैद, एरवी सात वर्षांपर्यंत. त्याच कलमात पहाऱ्याची जागा सोडणं, खोटी धावपळ उडवणं आणि परवलीचा शब्द भलत्याला सांगणं हेही आहे. खोट्या धावपळीचा गुन्हा तुमच्या खंदकात रोजच्या रोज घडायचा: एक घाबरून गोळी झाडतो, शेजारचा त्याच्यामुळे, मग मैलभर रांग काळोखावर काडतुसं उधळते.

पायपीट

झोपेत वाईट हेतू शोधायची गरज नाही. दोन-तीन रात्री तुटक झोप झाली की मेंदू उघड्या डोळ्यांनीही काही सेकंद बंद पडतो. माणूस उभा, रायफल हातात, आणि मधले दहा सेकंद गायब. त्याला स्वतःलाही ते कळत नाही, तो शपथेवर सांगेल की मी जागा होतो. मध्यरात्रीनंतर तीन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ, अंगाचं तापमानही तेव्हाच उतरतं. त्यावर उपाय बोलणं नाही, कारण बोलायला मनाई. हालचाल हवी: पायरीवरच पाय बदलणं, बुटात बोटं हलवणं, खांदे फिरवणं, बसलेल्याशी जागा बदलणं. भिंतीला छाती टेकली की संपलंच, टेकू मिळाला की गुडघे सैल सुटतात.

पायांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पहारेकऱ्याला गोळीपेक्षा ते जास्त घेरायचे. पाणी गोठत नसलं तरी पाय सडतात. शून्याच्या वरच्या थंडीत तासन्‌तास ओलं राहून, न हलता उभं राहिलं की पायातलं रक्ताभिसरण मंदावतं. पाय आधी बधिर, मग पांढरा-निळा, सुजलेला. बूट काढला की परत चढत नाही. ऊब मिळाली की आग होते आणि तेव्हा दुखणं कळतं. पुढची पायरी काळं पडणं. १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत सुमारे २० हजार माणसं यात गेली, आणि सुरुवातीला त्याची नोंद हिमबाधा अशीच व्हायची.

यात पायाच्या पट्ट्यांचा मोठा हात. लोकरी पट्टी ओली झाली की आवळते आणि पोटरीला दोरी बांधल्यासारखं होतं. घट्ट बुटांत दोन-दोन मोजे घालणाऱ्यांचंही तेच. ऊब वाढवायला म्हणून केलं आणि रक्त अडवलं. पुढे जी शिस्त बसली ती सोपी होती: रोज बूट-मोजे काढायचे, पाय कोरडे करून देवमाशाचं तेल चोळायचं, कोरडे मोजे चढवायचे, पट्ट्या सैल बांधायच्या. जोडीदारांनी एकमेकांचे पाय चोळायचे, अधिकाऱ्याने पाहायचे. मात्र तुमच्या फेब्रुवारी १९१५ मध्ये ही शिस्त अजून आकार घेत होती, आणि पुढच्या खंदकात सगळ्यांनी एकदम बूट काढणं शक्यच नव्हतं. कोरडे मोजे काखेत किंवा छातीशी ठेवायचे, तिथेच वाळतात आणि गरमही राहतात.

तात्पुरता

पहाऱ्यावर विषारी वायूची घंटाही दाखवता येईल ना? पितळी तोफगोळ्याचं रिकामं नळकांडं टांगून ते बडवायचे. आवाज चांगला येईल रंगमंचावर.

बुरूज

फेब्रुवारी १९१५ मध्ये नाही. ईपरला क्लोरीन सोडला तो २२ एप्रिल १९१५ ला. त्यानंतरच वायूचा पहारेकरी ही वेगळी नेमणूक आली. त्याचं काम वाऱ्याकडे लक्ष ठेवणं: वारा शत्रूकडून आपल्याकडे, संथ, तर सावध. फार जोराचा वारा वायूला पांगवतो, अगदी पडलेला वारा पुढे ढकलत नाही. रात्र आणि पहाट धोक्याची, कारण जमिनीलगतची गार हवा जड वायूला धरून ठेवते. शत्रूच्या टाक्यांतून वायू सुटताना फुसफुस ऐकू येते, ती गोळीबारात बुडते. घंटा किंवा नळकांडं बडवायच्या आधी त्याने स्वतःचा मुखवटा चढवायचा, कारण बेशुद्ध माणूस कुणाला उठवणार? तळघरांत झोपलेल्यांना एकेकाला हलवून उठवणंही त्याच्याकडेच.

तसंच पोलादी टोप देऊ नका. १९१५ च्या शरदापर्यंत ते आलेच नव्हते. आल्यावरही आधी मोजके, खंदकाची मालमत्ता म्हणून, पाळीबरोबर एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाणारे. जर्मन पहारेकऱ्यांना १९१६ नंतर टोपावर बसवायची जाड कपाळपट्टी आणि छाती-पोटावर साधारण दहा किलोचं चिलखत मिळालं. ते घालून धावता येत नसे, उभं राहता येई, म्हणून ते पहारेकऱ्यालाच शोभलं.

चकमक

चिलखतावरून आठवलं. सोमच्या लढाईत जर्मनांची तळघरं जमिनीखाली तीस-तीस फूट होती. अशा वेळी वर उभा असलेला एक पहारेकरी म्हणजे खालच्या तीस-चाळीस जणांचा जीव. तोफांचा मारा पुढे सरकला की त्याने तळघराच्या तोंडाशी ओरडायचं आणि खालच्यांनी जिने चढून मशीनगन मांडायची, तेही समोरचे येऊन पोचायच्या आत. १ जुलै १९१६ ला हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग ब्रिटिशांनी सकाळी ७.२० ला उडवला आणि त्यांचा हल्ला ७.३० ला निघाला. ती दहा मिनिटं जर्मन पहारेकऱ्यांना आयती मिळाली.

तुमच्या कामाचं एकच राहिलं, रायफल. पहाऱ्यावर संगीन लावलेली, काडतुसं भरलेली. ली-एनफिल्ड रायफलच्या बोल्टला, म्हणजे काडतूस आत सारणाऱ्या सरकत्या दांड्याला, चिखल सोसत नाही. घोड्याजवळच्या भागावर फडकं गुंडाळायचं, आणि ते एका हिसक्यात सुटलं पाहिजे. भिंतीला रायफल टेकवताना नळीचं तोंड मातीत रुतलं आणि तसंच झाडलं तर नळी फाटते. पाणी जाऊ नये म्हणून तोंडात बूच घालणाऱ्यांचंही तेच व्हायचं. त्यामुळे पाळी घेताना पहिली कृती: नळीचं तोंड बोटाने चाचपणं. दुसरी: बोल्ट मागे-पुढे करून पाहणं, तळहाताने आवाज दाबून. नटाकडून या दोन कृती बसवून घ्या, आणि शक्य तर खरोखरच्या ओल्या हातमोज्यांनी.

विंगेतून

हातमोजे काढून की घालून?

चकमक

उजव्या हाताचा काढून. गोठलेलं बोट घोड्यावर कळत नाही, पण जाड मोज्यातलं बोट घोड्याच्या कडीत शिरतच नाही. हात खिशात गरम ठेवायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून मूठ उघडझाप करून पाहायची. उघडत नसेल तर बसलेल्याला उठवायचं आणि जागा बदलायची.